एका भाजीला एक प्रश्न: मुलांसोबत परसबाग लावताना

अख्खे मूग भिजवले की दुसऱ्या दिवशी मोड येतात. मूगडाळ भिजवली तर ती फुगते, जास्त वेळ राहिली तर आंबते, पण मोड येत नाही. असं का, हे दुसरी-तिसरीतल्या मुलांना विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, "साल काढलं म्हणून." मग सालाची मूगडाळ भिजवायची. साल आहे, तरी मोड नाहीच. आता मुलांना खरंच उत्तर हवं असतं.

उत्तर बघायला मूग फार बारीक पडतो. राजमा किंवा मोठ्या दाण्याची चवळी रात्रभर भिजवा, सकाळी साल अलगद सोला आणि दाणा नखाने उकला. दोन फाका सुटतात. त्यातल्या एकीच्या कडेला पांढुरकं, वाकडं टोक चिकटलेलं असतं. भिंगातून पाहिलं तर त्याला घडी घातलेली दोन चिमुकली पानंही दिसतात. हा गर्भ, म्हणजेच होऊ घातलेलं झाड. फाका ही त्याची शिदोरी. डाळ भरडताना गर्भ निखळून पडतो आणि आपल्या हाती नुसती शिदोरी उरते.

इथे थांबू नका. गर्भ असलेल्या पाच फाका, गर्भ नसलेल्या पाच फाका आणि पाच अख्खे दाणे वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवा. फडकं घट्ट पिळलेलं हवं. पाणी निथळत असेल तर फाका बुळबुळीत होऊन सडतात, कारण उघड्या बाजूला बुरशी लवकर धरते. तीन-चार दिवसांत गर्भ असलेल्या फाकांनाही मूळ फुटतं. त्या कुंडीत लावल्या तर पहिले दोन आठवडे त्यांची रोपं अख्ख्या दाण्याच्या रोपांपेक्षा लहान राहतात. अर्धी शिदोरी, अर्धी वाढ. एक काळजी मात्र घ्या: कच्चा राजमा विषारी असतो, चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात. मुलांना तो तोंडात घालू देऊ नका. कच्च्या वालाच्या बाबतीतही हाच नियम.

बागेतल्या प्रत्येक भाजीला असा एकेक प्रश्न नेमून द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पंधरा प्रकारच्या भाज्या लावलेल्या परसबागेत मुलांच्या वाट्याला बहुधा पाणी घालणं आणि शेवटी फोटोसाठी उभं राहणं एवढंच येतं. चार-पाच भाज्या पुरतात. चवळी, मेथी, मुळा, लाल भोपळा किंवा दुधी, आणि हौस असेल तर भेंडी. एवढ्यात बी, मूळ, पान, फूल आणि फळ असं सगळं शिकून होतं.

लावण्याआधी

जागा ठरवताना मुलांनाच कामाला लावा. अंगणात किंवा गच्चीत सकाळी आठपासून दर तासाला सावलीची कड खडूने आखायची. दिवसाअखेर कुठे किती तास ऊन पडतं याचा नकाशा तयार होतो. चार तास ऊन असेल तिथे मेथी, पालक, कोथिंबीर होते. फळभाज्यांना सहा तासांहून जास्त लागतं. हा नकाशा जूनमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये पुन्हा काढा. सूर्य दक्षिणेकडे सरकल्याने सावल्या किती बदलतात ते पाहून मोठी माणसंही चकित होतात.

मातीचं मिश्रण साधं ठेवा: दोन पाट्या माती, एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक पाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेला पालापाचोळा. देशावरची काळी माती असेल तर तिच्यात अर्धी पाटी जाड वाळू घाला. ती पाणी धरून ठेवते, मुळांचा श्वास कोंडतो. कोकणातल्या जांभ्या मातीचं उलट आहे, तिच्यातून पाणी झरकन निघून जातं, म्हणून खत आणि पालापाचोळा वाढवावा लागतो. ताजं शेण कधीच घालू नका. ते कुजताना तापतं, मुळं भाजतात, आणि हुमणीच्या अळ्याही त्यातूनच येतात. बारा इंची कुंडीला अशी बारा-पंधरा लिटर माती लागते. मेथीला कुंडीची गरजच नाही. भाजीच्या क्रेटला आतून पोतं लावून चार इंच माती भरली की झालं. मुळ्याला मात्र किमान नऊ-दहा इंच खोली हवी.

बियाणं घेताना रंग बघा. पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. असं बी लहान मुलांच्या हातात देऊ नये. दुकानात बिनप्रक्रियेचं बी मागा, किंवा चवळी, मेथी आणि धणे सरळ वाणसामानातले घ्या. पेरण्याआधी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून किती रुजतात ते मोजा. वीसपैकी बारा रुजले तर साठ टक्के. मग वाफ्यात किती जास्त पेरायचं हा हिशेब मुलं आपला आपण मांडतात. टक्केवारी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

धण्यांची एक गंमत आहे. आपण ज्याला कोथिंबिरीचं बी म्हणतो ते खरं तर अख्खं फळ असतं आणि त्यात दोन बिया असतात. धणे चपलेखाली किंवा पाट्यावर हलके रगडून दोन फाका केले की उगवण सुधारते. तरी आठ ते पंधरा दिवस थांबावं लागतं. लहान मुलांचा तेवढा धीर नसतो, म्हणून पहिलं पीक कोथिंबिरीचं घेऊ नका. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, सुरुवात तिनेच करा.

मेथी: झाड जेवतं काय?

मुंबईत समुद्रमेथीच्या लहान लहान जुड्या मुळांसकट विकायला येतात. ती समुद्राजवळच्या वाळूत वाढवलेली असते. वाळूत खत नाही की माती नाही, तरी ती हिरवीगार कशी? या एका प्रश्नावर महिनाभराचं काम उभं राहतं.

तीन डब्यांत धुतलेली वाळू भरा आणि तीन डब्यांत वर सांगितलेलं मिश्रण. बांधकामाची वाळू असेल तर चार-पाच वेळा पाणी बदलून धुवा, सिमेंटचा अंश राहिला तर सगळा प्रयोग फसतो. प्रत्येक डब्यात मोजून तीस दाणे, अर्धा सेंटिमीटर खोल. पाणी सगळ्यांना सारखं, मापाच्या पेल्याने. सहाही डबे एकाच ओळीत, सारख्याच उन्हात.

पहिले आठ-दहा दिवस दोन्हीकडे जवळपास सारखीच मेथी दिसते. मुलं म्हणतात, मातीची गरजच नाही. म्हणू द्या आणि वहीत लिहूनही घ्या. दहाव्या दिवसानंतर फरक पडायला लागतो. वाळूतली रोपं खुंटतात, त्यांची खालची पानं आधी पिवळी पडतात आणि वरची त्यामानाने हिरवी राहतात. मिश्रणातली मात्र पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते. कारण असं, की सुरुवातीचा सगळा खर्च बियांमधल्या शिदोरीतून चालला होता. ती संपली तेव्हा वाळूत नत्र, म्हणजे नायट्रोजन, नव्हतं. झाडाने मग जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना दिलं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडली. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढे कुठलंही पिवळं रोप दिसलं की विचारतं, "वरची पानं पिवळी का खालची?" शेतकरीही हेच आधी बघतो. लोह कमी असेल तर उलट, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या.

इथे डबे सहा का, दोन का नाहीत? दोनच डब्यांच्या प्रयोगात एका डब्याला मुंग्या लागल्या किंवा एकात बी कच्चं निघालं तर मुलं भलतंच शिकतात. प्रत्येक बाजूला निदान तीन हवेत. आणि बदल एकच. वाळूचे डबे खिडकीत आणि मातीचे बाहेर ठेवले तर फरक वाळूमुळे पडला की उन्हामुळे, हे सांगता येत नाही. झाडाशी गोड बोललं तर ते जास्त वाढतं, असे प्रयोग शाळांमधून पुष्कळ होतात. त्यात ज्याच्याशी गोड बोलतात त्याच कुंडीला मुलं नकळत पाणीही जास्त प्रेमाने घालतात. तो वेळ मेथीला द्यावा.

झाड माती खाऊन वाढतं, हा समज मोठ्या माणसांतही असतो. सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्माँटने हेच तपासलं होतं. २०० पौंड वाळवलेल्या मातीत त्याने ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन १६९ पौंडांवर गेलं आणि माती कमी झाली ती जेमतेम २ औंस. त्याने निष्कर्ष काढला: झाड पाण्यापासून बनतं. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. वर्गातली मुलंही हेच उत्तर देतात. मग त्यांना सांगा, की 'गॅस' हा शब्द रूढ करणारा माणूसही हाच. कोळसा जळताना निघणारा वायू (कार्बन डायऑक्साइड) त्याने ओळखला होता, पण आपलं झाड बरंचसं त्याच वायूतून घडलं आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि शास्त्रज्ञाचं उत्तर अर्धवट असू शकतं हेही कळतं.

कुंडीत हे करून बघायचं असेल तर तीन किलो वाळवलेली माती घेऊन तिच्यात मका किंवा राजगिरा लावा. अडचणी तीन येतात. मातीतली ओल वजन फसवते, म्हणून आधी आणि नंतर माती चादरीवर पसरून, लागोपाठ दोन दिवसांचं वजन सारखं येईपर्यंत उन्हात वाळवावी लागते. कुंडीच्या भोकातून माती वाहून जाते, म्हणून खाली ताटली ठेवून तिच्यातली माती परत टाकायची. खत घालायचं नाही, कारण ते कुजून आपोआपच हलकं होतं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी झाड मुळांसकट धुऊन वाळवा आणि तोला. मातीत झालेली घट इतकी थोडी असते की घरचा काटा ती नीट दाखवतही नाही. वाळलेल्या झाडाचं वजन मात्र स्पष्ट कळतं.

चवळी: मुळांवरच्या गाठी

चवळीचा दाणा मोठा, उगवण चांगली आणि पावसाळ्यात ती हमखास येते. अडीच सेंटिमीटर खोल, बारा इंची कुंडीत तीन दाणे. शेजारी एका कुंडीत हरभराही पेरा, पीक नाही आलं तरी चालेल. चवळीच्या दोन फाका जमीन फोडून वर येतात, हिरवट होतात, मग सुकून गळतात. हरभऱ्याच्या फाका मातीखालीच राहतात आणि नुसता कोंब वर येतो. दोन्ही द्विदल, पण उगवण्याची तऱ्हा वेगळी. उगवल्यावर दोन्हीची दोन-दोन रोपं उपटून शेजारी शेजारी ठेवली की मुलं चित्रं अचूक काढतात. फोटो काढू देण्याआधी चित्र काढायला लावा. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक भाग कुठे जोडला आहे हे बघावंच लागतं.

पेरणीची खोली तपासायची असेल तर पाण्याच्या पारदर्शक बाटलीचं तोंड कापा, माती भरा आणि कडेला लावून २, ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर दाणे ठेवा. बाटलीवर काळा कागद गुंडाळा, बघताना काढा आणि परत गुंडाळा. सर्वात खोल दाणा मातीतच वळवळत वाढतो आणि बहुधा वर पोचत नाही, शिदोरी वाटेतच संपते. लाल माठाचे हजार दाणे मिळून एक ग्रॅमही भरत नाहीत. त्याचं बी खोल गेलं तर काय होईल, हे मग सांगावं लागत नाही. माठ वाळूत मिसळून वरच्या वर भुरभुरावा, हा अनुभवी हातांचा नियम मुलं स्वतःच शोधून काढतात.

पेरल्यापासून पस्तीस ते चाळीस दिवसांनी, फुलं येण्याच्या सुमारास, एक झाड मुळांसकट काढा. ओढून उपटलं तर गाठी तुटून मातीत राहतात. कुंडी भरपूर भिजवा, आडवी करून सगळा गोळा बाहेर घ्या आणि बादलीत हळूहळू माती सोडवा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर तिच्यातले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देत आहेत. हा रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्याच जातीतल्या द्रव्याचा असतो. आत पांढरी असेल तर गाठ अजून कोवळी आहे, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. तुलनेला मुळ्याचं किंवा भेंडीचं मूळ धुऊन शेजारी ठेवा, त्यावर अशा गाठी नसतात.

गाठीच सापडल्या नाहीत तर निराश होऊ नका, कारण बहुधा दोनपैकी एक असतं. खत जास्त झालं असेल तर झाडाला नत्र आयतं मिळतं आणि ते जिवाणूंना थारा देत नाही. किंवा मिश्रणात नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत असेल तर हे जिवाणू मुळात नसतातच. चवळी किंवा मूग होऊन गेलेल्या शेतातली दोन मुठी माती कुंडीत मिसळा, नाहीतर कृषी सेवा केंद्रातून रायझोबियमचं, म्हणजे याच जिवाणूंचं, पाकीट आणा. प्रमाण किलोभर बियांना २५ ग्रॅम असतं, म्हणजे मूठभर चवळीला चिमूटभर. गुळाच्या पाण्याने दाणे ओलसर करायचे, पावडर चोळायची, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. अर्ध्या कुंड्यांत जिवाणू लावून आणि अर्ध्यांत न लावता पेरलं, तर यातून आणखी एक चांगला प्रयोग मिळतो.

चवळीवर मुंग्या दिसल्या की मुलं "कीड लागली" म्हणून ओरडतात. नीट बघायला सांगा. चवळीच्या फुलांच्या दांड्यावर गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात, नुसत्या त्यासाठीही मुंग्या येतात. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) दाटला असेल तर मुंग्या त्याच्या गोड विष्ठेसाठी आलेल्या असतात. त्याच मोसमात काळे-राखाडी, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीच्या पिल्लासारखे दिसणारे किडे फिरताना दिसतात. मुलं त्यांनाच आधी चिरडतात. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) पिल्लं असतात, आणि मावा खाणारं त्यांच्याइतकं खादाड दुसरं कोणी तिथे नसतं. एक झाड मुद्दाम औषधाविना सोडा आणि रोज मावा आणि ढालकिडे मोजा. बाकी झाडांना हाताने पुसून घेणं किंवा एका लिटर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारणं पुरेसं होतं. भेंडीच्या पानांमागे दिसणारे काचेच्या मण्यांसारखे थेंब मात्र किड्याची अंडी नव्हेत, ते झाडाचेच असतात. त्यांना हात लावायची गरज नाही.

भोपळा: फूल गळतं का?

वेलावर ढीगभर फुलं येतात आणि भोपळा एकही लागत नाही, ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत वेलावर जवळजवळ सगळी नरफुलंच येतात, ती उमलून गळणारच. ओळखायला सोपं आहे. नरफुलाचा देठ लांब आणि सडपातळ, मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा. मुलांनी रोज सकाळी दोन्ही मोजून लिहिली की नर आधी आणि मादी नंतर, हा क्रम तक्त्यावर आपोआप दिसतो. जादा नरफुलांची भजी करा, पण रोज दोन-तीन फुलं वेलावर ठेवूनच.

शाळेसाठी लाल भोपळा बरा. त्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं, म्हणून सकाळच्या शाळेत काम होतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे पतंग येतात. घरी करणार असाल तर दुधी सोयीचा, मुलं शाळेतून आलेली असतात. दोडकाही संध्याकाळचाच.

प्रयोग असा. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या टोकाकडे पिवळसर होतात. आदल्या संध्याकाळी अशा सहा मादीकळ्यांवर कागदी पिशवी बांधा. प्लास्टिकची नको, आत पाणी साचून फूल सडतं. दोन नरकळ्यांनाही पिशवी घाला, नाहीतर सकाळपर्यंत त्यांचे पराग मधमाश्या घेऊन जातात. सकाळी सात-आठच्या सुमारास एक नरफूल तोडा, पाकळ्या सोला आणि आतला परागांचा दांडा तीन मादीफुलांच्या मधल्या भागावर सगळीकडून अलगद फिरवा. पिशव्या परत बांधा. उरलेली तीन मादीफुलं पिशवीतच राहू द्या, त्यांना परागच मिळू द्यायचे नाहीत. शिवाय तीन मादीफुलं मोकळी सोडा, त्यांचं काम माश्या करतील. नवांच्या देठांना तीन रंगांचे दोरे बांधा. दोऱ्यांविना चौथ्या दिवशी कुठलं फूल कुठलं हे कुणालाच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पिशव्या काढा. पराग न मिळालेले चिमुकले भोपळे चार-पाच दिवसांत पिवळे पडून गळतात. हाताने पराग लावलेले फुगायला लागतात. मोकळ्या सोडलेल्यांचं काय होतं, त्यावरून आसपास माश्या किती आहेत ते कळतं. शहरात तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गच्चीवर तीनही गळाले तर आश्चर्य नको, वेलाजवळ झेंडू आणि तुळस लावून पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. एखादं फळ एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळतं निघालं तर ते फेकू नका, उभं कापून दोन्हीकडच्या बिया मोजा. पराग कमी पडले, तिथे बिया कमी भरल्या, आणि बिया नाहीत तिथे गरही कमी. पावसाची सर आल्यावर पराग ओले होतात, त्या दिवशीचा प्रयोग धरू नका.

फळ धरून चार-सहा दिवसांनी त्यावर डिंकासारखा थेंब आणि टोचल्याची खूण दिसली तर ती फळमाशी. असं फळ कापून आतल्या अळ्या दाखवा, मग जाड पिशवीत बांधून उन्हात तापवा. खतात टाकलं तर तिथूनच पुढची पिढी निघते.

मुळा, आणि विरळणीचं दुःख

रोपं दाट झाली की काही उपटावी लागतात. मुलांना हे अजिबात मान्य नसतं, रडारडही होते. समजावत बसण्यापेक्षा दोन वाफे करा. एकात मुळ्याची रोपं आठ सेंटिमीटरवर एक अशी विरळ करा, दुसरा आहे तसा दाट सोडा. पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडचे मुळे आणि पाला वेगवेगळा तोला. दाट वाफ्यात पाल्याचा ढीग आणि शेपटीएवढे मुळे निघतात. उपटलेली रोपं भाजीत जातात, वाया काही जात नाही. मुळ्याचं रोप एकीकडून काढून दुसरीकडे लावू नका. टोकाचं मूळ दुखावलं की मुळा दुभंगतो. खडे असलेल्या मातीतही तसाच फाटे फुटलेला निघतो.

हिवाळ्यातल्या वाफ्यातले तीन-चार मुळे काढायचेच नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना लांब दांडा येतो आणि चार पाकळ्यांची पांढरी-जांभळट फुलं लागतात. मुळ्याला फूल येतं हे पुष्कळ मुलांना तेव्हाच कळतं. एकच झाड ठेवलं तर फुलं येतील पण शेंगा फारशा धरणार नाहीत, कारण मुळा स्वतःचे पराग सहसा स्वीकारत नाही. म्हणून निदान तीन झाडं. कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या, त्यांची भाजी करा. काही झाडावरच वाळू द्या.

कुठे बिघडतं

बहुतेक कुंड्या तहानेने मरत नाहीत, पाण्यात बुडून मरतात. चाळीस मुलं आणि दहा कुंड्या असल्या की प्रत्येकाला पाणी घालायचंच असतं. मुळांना हवाही लागते हे सांगून पटत नाही, म्हणून एक जादा कुंडी घ्या, तिची भोकं बंद करून रोज भरपूर पाणी घाला आणि आठवडाभराने झाड काढून मुळं हुंगायला द्या. कुजका वास विसरला जात नाही. मग पाळी ठरवा: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, ओल लागली तर पाणी नाही.

कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडली तर ती बुरशी. दाट पेरणी आणि सतत ओल ही तिची कारणं. रोपं उंच, फिकट आणि एका बाजूला झुकलेली असतील तर ऊन कमी पडतं आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाका.

उंची मोजताना मुलं दर वेळी मातीपासून मोजतात आणि माती खाली बसत जाते, त्यामुळे झाड कधी कधी एका आठवड्यात एक सेंटिमीटर जास्त उंच झाल्यासारखं दिसतं. लावतानाच शेजारी काठी रोवा, तिच्यावर शून्याची खूण करा आणि तिथूनच मोजा. वेलाला दोरा लावून मोजायचं. वहीत तारीख, आकडा, चित्र आणि 'पुढच्या आठवड्यात काय होईल असं वाटतं' हा रकाना, एवढं पुरे. शेवटचा रकाना निकाल दिसण्याआधी भरायचा.

शाळेची बाग बहुधा दिवाळीच्या सुट्टीत मरते. जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात चवळी, भेंडी आणि भोपळा लावा म्हणजे मुख्य प्रयोग सुट्टीआधी उरकतात. मेथी आणि मुळा सुट्टीनंतर. सुट्टीभर जगवायच्या वाफ्यात बिनरंगाचं, न चकाकवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा. माती सुकेल तसं त्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं. किती दिवसांनी मडकं रिकामं होतं हे सुट्टीआधीच दोनदा मोजून ठेवा, म्हणजे कुणाला किती दिवसांनी फेरी मारावी लागेल ते ठरवता येतं.

चवळीच्या शेंगा वाळतील तशा आणि वाळलेल्या डिंगऱ्या मार्चमध्ये खुडून दोन दिवस सावलीत पसरा, बी सोलून राखेत घोळवा आणि कोरड्या बाटलीत भरा. बाटलीवर भाजीचं नाव, तारीख आणि कुठल्या कुंडीतलं ते लिहा. लाल भोपळ्याचं बी हवं असेल तर हाताने पराग लावून पिशवी बांधलेल्या फळाचंच घ्या. मोकळ्या फुलाला शेजारच्या वेलाचे पराग लागलेले असू शकतात. जूनमध्ये पुन्हा वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून मोजायचे आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहायचे.